हिरकणी टेकली की थांबायचं नाही

आमच्या घराच्या बरोबर खाली काचेचं दुकान आहे, त्यामुळे आमच्याकडे भांडणंसुद्धा पाय न आपटता होतात. लग्न होऊन आले त्या पहिल्याच महिन्यात मी रागाच्या भरात स्टूल आपटलं, तर खालून अप्पा काचवाल्यांनी काठीने छत ठोकलं आणि ओरडले, "सूनबाई, राग जरा गादीवर काढा, इथे आरसे आहेत!" तेव्हापासून मी किती रागावले आहे याचा अंदाज आमच्या ह्यांना उशीच्या अवस्थेवरून घ्यावा लागतो.

ते असो. सांगायचंय ते अप्पांच्या मुलीबद्दल. तिला सगळी गल्ली बघूताई म्हणते. खरं नाव तिच्या शाळेच्या दाखल्यावर असेल, ते तिथेच सुखी आहे. काहीही विचारा, उत्तर एकच: "बघू." चहा घेणार का? बघू. पाऊस येईल का? बघू. तू घरात आहेस का? यावर एकदा तिने आतून "बघते हं" म्हटल्याचं मी स्वतः ऐकलंय.

बेकरीत रांगेत उभी राहिली की मागच्याला म्हणायची, "तुम्ही घ्या आधी, माझं अजून ठरतंय." मागचा पुढे जायचा, त्याच्या मागचा पुढे जायचा, आणि शेवटी बेकरीवाला शटर ओढताना हिच्या हातात उरलेला पाव ठेवायचा. चपला घ्यायला गेली की एका पायात काळी आणि दुसऱ्या पायात तपकिरी घालून दुकानभर हिंडायची. एकदा दाढ दुखायला लागली, तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून बसल्यावर त्यांनाच विचारलं, "डॉक्टर, तुम्ही माझ्या जागी असता तर काढली असती का?" डॉक्टर म्हणाले, "बाई, मी तुमच्या जागी असतो तर माझ्याकडे आलोच नसतो." ती उठून घरी आली. दाढ पुढे आपणहून पडली. तिचाही धीर सुटला असणार.

आणि सल्ले! एका छत्रीसाठी ही बाई मला विचारणार, समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारणार, शेजारच्या औषधवाल्याला विचारणार, आणि मग "सगळ्यांचं वेगवेगळंच आहे हो वहिनी" म्हणून माझ्याच पायरीवर येऊन बसणार. वेगवेगळं असायचंच. मी सकाळी म्हणायचे, "निळी घे," आणि संध्याकाळी म्हणायचे, "निळी? निळी कोणी सांगितली तुला?" करमणुकीची साधनं आमच्या गल्लीत आधीच कमी.

आता कोणी म्हणेल, बाई मुळातच मंद. मुळीच नाही. दुकानात तिचे हात बघावेत. खिडकीचं माप घ्यायचं, तावदानाला कडेने पुट्टी भरायची, चौकट ठोकायची, आरशाला मागून पत्र्याची पट्टी लावायची, सगळं तिचं. अठरा-एकोणीस वर्षांची असल्यापासून करतेय, आता चाळिशीला टेकली. फक्त एक काम तिचं नव्हतं. काच कापणं. ती टेबलावर काच आडवी ठेवायची, पट्टी लावायची, माप दोनदा पडताळायची, हिरकणी हातात घ्यायची. काच कापायचं ते अवजार हो, पेनाएवढं, टोकाला कठीण चाक. आणि तेवढ्यात मागून अप्पा म्हणायचे, "थांब, मी करतो."

प्रेमाने म्हणायचे. मुलीचा हात कापू नये, काच वाया जाऊ नये, आई नसलेली पोर आहे, सगळी कारणं चांगलीच. पण तुम्हीच सांगा, ज्या माणसाच्या हातातून रोज शेवटच्या क्षणाला हिरकणी काढून घेतली, त्याला शेवटचा क्षण म्हणजे दुसऱ्याचा, असंच वाटणार ना? मी हे अप्पांना एकदा बोलून दाखवलं. अप्पा म्हणाले, "तुम्ही गप्प बसा, मी सांगतो." म्हणजे बघा.

मग या वर्षी अप्पांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाचा आवाज यायचा, बशीवर टकटक टकटक. मग एक दिवस साधी खिडकीची काच सरळ जाता जाता वाकडी गेली. डॉक्टरांनी सांगितलं, वय झालं, हातात काच नको. अप्पा दुकानाच्या मागच्या बाजूला वेताच्या खुर्चीत बसायला लागले, आणि गावची खिडकी-तावदानं बघूताईच्या "बघू"वर येऊन थांबली.

त्यानंतर दादाचा फोन आला. दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, लांबच्या मोठ्या शहरात नोकरीला. मी तेव्हा दुकानात आरशाचा हूक बघायला गेले होते. कान लावून ऐकायची मला सवय नाही, पण दादा फोनवर असं बोलतो जणू तारेशिवाय आवाज पोचवायचाय.

"हे बघ, शेजारच्या औषधवाल्याला आपलं दुकान हवंय. त्याला मोठं करायचंय. पुढच्या रविवारी मी येतो. तुला चालवायचं असेल तर चालव, माझी ना नाही. नसेल तर देऊन टाकू, अप्पांना आणि तुला मी इकडे घेऊन येतो. पोरांचा अभ्यास तू घेशील, तुझी वहिनी कामावर जाते, घरात माणूस हवंच आहे. बोल, काय करायचं?"

ती म्हणाली, "बघू."

"बघू नाही. रविवारी मला हो किंवा नाही पाहिजे. तू नाही ठरवलंस तर मी ठरवीन, मग रडायचं नाही."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. चेहरा पुट्टीसारखा पांढरा. "वहिनी, दादा चांगलाच आहे हो. पण मला दुसऱ्याच्या घरात पोरांची प्रगतिपुस्तकं नाही बघायचीत. मला हे टेबल हवंय."

"मग सांग की त्याला."

"पण मला कापता कुठे येतं? काच न कापणारा काचवाला म्हणजे…" तिला उपमा सापडेना. मला सात-आठ सुचल्या होत्या, पण वेळ ती नव्हती.

"तुला काय वाटतं, वहिनी? काय करू?"

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा तिला सल्ला दिला नाही. जीभ चावून चावून दुखली, पण नाही दिला. नुसतं म्हटलं, "कामं काय पडलीत दुकानात?"

काम पडलं होतं मोठं. कोपऱ्यावर नाच शिकवणाऱ्या बाई आहेत, आम्ही त्यांना नाचबाई म्हणतो. त्यांना वर्गाची अख्खी भिंत आरशाने मढवायची होती. मोठाले आरसे, प्रत्येकाची एक बाजू भिंतीच्या खांबाप्रमाणे कापायची. बघूताईने दुसऱ्याच दिवशी पहिला आरसा टेबलावर घेतला. चकाकती बाजू वर, पारा लावलेली खाली. हिरकणी तेलात बुडवली. मी दारात. अप्पा खुर्चीत. हिरकणी टेकली, कर्र आवाज करत निघाली, अर्ध्यावर आली, आणि मागून सवयीने तोफ सुटली, "थांब!"

ती थांबली. का नाही थांबणार, वीस वर्षं थांबतच आली होती. मग माझ्याकडे बघून विचारलं, "सरळ चाललीय ना?" आणि राहिलेली रेघ पुढे नेण्याऐवजी खात्री म्हणून पहिल्यापासून त्याच रेघेवरून पुन्हा हिरकणी फिरवली. काचेच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही म्हणतात. आरसा टेबलाच्या कडेवर घेऊन दाबला, तर तो रेघ सोडून स्वतःच्या मर्जीने कोपऱ्यात गेला. दोन तुकड्यांच्या ठिकाणी पाच.

अप्पा कळवळले. "अगं, काचेला रेघ एकदाच. दुसऱ्यांदा फिरवलीस की तिला कळत नाही कोणत्या रेघेने तुटायचं!"

"तुम्हीच थांब म्हणालात!"

"मी नेहमीच म्हणतो! तू ऐकायचं कशाला?"

हे वाक्य अप्पांच्या तोंडून आलेलं ऐकून मला इस्त्रीवाल्याला बोलावून आणावंसं वाटलं, साक्षीला.

दुसऱ्या आरशाला तिने हिरकणी एका दमात ओढली. सुरेख, एकसुरी रेघ. आणि मग आरसा तसाच ठेवून विचार करत बसली. बरोबर आलीय की एक केस डावीकडे? चहा केला. चहा प्यायली. पट्टी लावून बघितली. इस्त्रीवाल्याला बोलावून दाखवली. तो बिचारा म्हणाला, "ताई, मला सुरकुती दिसते, रेघ नाही दिसत." मग कुठे तोडायला घेतला. कड निघाली ती कुरतडलेल्या बिस्किटासारखी.

"थंड पडली," अप्पा म्हणाले. "रेघ मारली की लगेच तोडायची असते. ठेवून दिली की काच विसरते."

"अप्पा, हे तुम्ही मला आधी कधी सांगितलं नाहीत."

"वेळच आली नाही," अप्पा म्हणाले, आणि मग त्यांना स्वतःलाच आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं. बराच वेळ वेताच्या खुर्चीची काडी सोलत बसले.

इथे मी माझं काम केलं. फार मोठं नाही, अपहरणाचं. आमचे हे निवृत्त झाल्यापासून बुद्धिबळाला जोडीदार शोधत होतेच. रोज सकाळी चहा झाला की मी खाली जाऊन अप्पांना वर आणायला लागले. अप्पा आधी नाही म्हणाले. मी म्हटलं, "खाली तुम्ही दर पाच मिनिटांनी 'थांब' म्हणता. वर या, आमचे हे एकेका चालीला अर्धा तास लावतात, तिथे हवं तेवढं थांबा." आले. आणि गंमत अशी की काचेवर वाऱ्यासारखा चालणारा हा माणूस पटावर घोडा हातात धरून असा बसायचा की घोड्याला झोप लागावी. आमच्या घरात मग दिवसभर दोन म्हातारे आणि एक शांतता.

खाली बघूताई एकटी. मी जिन्यातून येता-जाता डोकावायचे, तेही फक्त भाजी आणायला, फुलझाडांना पाणी घालायला, आणि परत विसरलेली भाजी आणायला. तिने मोडक्या खिडक्यांचे तुकडे, फुटलेल्या काचा, कपाटामागे पडलेल्या पट्ट्या, सगळं काढलं आणि कापत सुटली. वेड्यासारखी. पहिला दिवस तुकड्यांचे तुकडे. दुसऱ्या दिवशी मला आवाजात फरक जाणवला. आधी कर्र-थांब-कर्र असायचं, आता एक लांबलचक कर्रर्र, आणि त्याला लागूनच टक्. कर्रर्र, टक्. वर आमच्या ह्यांचा उंट हातातच राहिला. अप्पांनी मान वर केली, कान दिला, आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाले, "तेल जरा कमी घेतेय. पण बरी आहे."

तिने मला एकदा बोलावून सांगितलं. ती सांगताना टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती, नवीन वस्तू आणल्यासारखी.

"वहिनी, माप घेताना हवा तेवढा वेळ घ्यायचा. विचारायचं त्याला विचारायचं. पट्टी चार वेळा हलवायची. पण हिरकणी टेकली की थांबायचं नाही, मागे वळायचं नाही, आणि मारली की लगेच तोडायची. मी उलट करत होते. माप घाईत घ्यायचे आणि शंका रेघेवर काढायचे."

"आणि चुकलं तर?"

"तर नवीन काच. चुकलेली काच मी किती बघितली या आठवड्यात! मेलं कोणी?"

तेवढ्यात नाचबाई आत आल्या, त्यांच्या घरच्या एका फोटोसाठी चौकट बघायला. पूर्वीची बघूताई चौदा चौकटी मांडायची, त्या चौदांमध्ये गिऱ्हाईकही हरवायचं आणि तीही. आज तिने फोटो बघितला, भिंतीचा रंग विचारला, खोलीत उजेड कुठून येतो ते विचारलं, आणि एकच चौकट काढून ठेवली. "ही."

"दुसरी दाखवाल?"

"दाखवीन. पण हीच घ्याल."

नाचबाईंनी दुसरी बघितली, तिसरी बघितली, आणि तीच घेतली. माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी खांदे उडवले. आम्हा दोघींना एवढं बोलणं पुरतं.

आता खरं सांगायचं तर या निर्णय घेण्याची तिला जरा नशाच चढली. नवी चप्पल असते ना, घरातही घालून हिंडावीशी वाटते, तसं. बेकरीत रांगेतून ओरडली, "मोठा पाव, जाड कापलेला!" तेव्हा बेकरीवाला दचकून म्हणाला, "ताई, तुमचा नंबर यायचाय अजून." माझ्या पडद्याचा कोणता रंग चांगला ते मी विचारलंही नव्हतं, तिने सांगून टाकलं. आणि मग दुकानाचं दार रंगवायला घेतलं. रंगवाल्याने रंगांचं पान पुढे केलं, हिने डोळे मिटून बोट ठेवावं इतक्या झटक्यात पिवळा सांगितला. संध्याकाळी दार तयार. ते पिवळं असं होतं की गल्लीतली मांजरं लांबून वळसा घालून जायला लागली. औषधवाला बाहेर येऊन म्हणाला, "ताई, तुमच्या दाराला कावीळ झालीय, काही देऊ का?"

मला वाटलं, झालं. आता ही पुन्हा आठवडाभर "बघू" म्हणत पायरीवर बसणार. ती रस्त्याच्या पलीकडे गेली, कमरेवर हात ठेवून दाराकडे नीट बघितलं आणि हसली.

"चुकलंच की हो. भयानक आहे."

"मग आता?"

"मग उद्या राखाडी. दारच आहे वहिनी, काच थोडीच आहे. पुन्हा रंगवता येतं."

आणि दुसऱ्या दिवशी राखाडी. रंगवाल्याला बोलावलंही नाही, स्वतःच ब्रश घेऊन बसली. मी शिकवणीचा खर्च विचारला नाही, पण एवढं कळलं की ती आता गोष्टी दोन ढिगांत टाकायला लागली होती. एक, परत करता येतात त्या. त्यांच्यावर ती सेकंदही घालवत नव्हती. दुसऱ्या, एकदा तुटल्या की तुटल्या. त्यांना ती बसून माप घ्यायची. आणि पहिला ढीग केवढा मोठा निघाला म्हणून सांगू! छत्र्या, चपला, पाव, पडदे, दार, सगळं त्यात. वीस वर्षं बाई त्या ढिगाला काच समजून घाबरत होती.

शनिवारपर्यंत नाचबाईंचे आरसे कापून झाले. पहिले दोन सोडले तर एकही फुटला नाही. अप्पांना मी खाली नेऊन दाखवले. त्यांनी प्रत्येक कडेवरून अंगठा फिरवला, कुठेतरी चूक सापडावी अशा आशेने. सापडली नाही. "हं," म्हणाले. त्यांच्या तोंडून हा मोठा सत्कार समजावा.

रविवारी दादा आला. हातात बॅग, तोंडावर मोठ्या भावाचा चेहरा. दुकानात स्टुलं मांडली. दादा, अप्पा, औषधवाला, बघूताई. मी चहा घेऊन गेले. चहा कोणी मागितला नव्हता, पण रिकाम्या हाताने कसं जायचं?

औषधवाल्याने घसा साफ केला. हा माणूस बोलतो तेव्हा वाटतं, औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवतोय, जेवणानंतर घ्या, हलवून घ्या. "मी स्पष्टच सांगतो. वळणावरचा गाळाही मला मिळतोय. तिथल्या मालकाला आज संध्याकाळी होय-नाही कळवायचंय. मला इथलाच आवडेल, भिंत पाडली की झालं. पण आज कळलं पाहिजे."

दादा दचकला. "आज? अहो, एक आठवडा तरी द्या. घरातला प्रश्न आहे, आम्ही बसून बोलतो."

"आठवडा नाही जमणार."

"मग निदान उद्या सकाळपर्यंत…"

बघूताई मध्ये म्हणाली, "दादा, थांब. मला आधी अप्पांना विचारायचंय." आणि अप्पांकडे वळली. "अप्पा, तुमच्या मनात काय आहे? खरं सांगा."

सगळ्यांना वाटलं, अप्पा म्हणणार, माझं दुकान, विकायचं नाही. अप्पांनी आपला उजवा हात डाव्याने धरला. तो मांडीवर हलत होता.

"मला वाटतं, द्यावं," ते म्हणाले. "काच वाईट नाही. पण हा हात बघ. चाळीस वर्षं काचेने घेतली, आणि आता चहाही नीट पिता येत नाही. तुझं असं होऊ नये."

औषधवाल्याने कपाकडे बघितलं. दादाने बहिणीकडे असं बघितलं, जणू आता हिला धरून ठेवावं लागणार. मीसुद्धा तोंड मिटलं, आणि हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण फारसं घडत नाही.

बघूताई अप्पांच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ऐकलं अप्पा. पटलंही. तुम्ही म्हणता ते होऊ शकतं." एवढं म्हणून ती औषधवाल्याकडे वळली. "दुकान द्यायचं नाही. तुम्ही वळणावरचा गाळा घ्या. चांगला आहे, दोन्ही रस्त्यांनी दिसतो."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे नंतर मन बदललं तर…"

"नाही बदलणार. तुम्ही जा, त्यांना कळवा. संध्याकाळ कशाला, आत्ताच कळवा."

औषधवाला उठला, नमस्कार केला, आणि माझा चहा तसाच टाकून गेला. राखाडी दार मागे लागलं.

मग दादा फुटला. "अगं, एक रात्र तरी घ्यायचीस! असं गिऱ्हाईक परत येत नाही. विचार केलास का?"

"केला. आठवडाभर केला, तू यायच्या आधी. आता फक्त सांगितलं."

"पण उद्या सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"उद्यापर्यंत मला अख्ख्या गल्लीची मतं आली असती," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून इतकी गोड हसली की मी उगाचच कप गोळा करायला लागले.

"आणि चुकलं असेल तर?"

"तर मी चुकले असेन, दादा. तू नाही. निदान तो त्रास तरी माझा असेल."

कप घेताना मी बघितलं, तिचे हात एप्रनच्या खिशात होते आणि एप्रन हलत होता. अप्पांनीही बघितलं. त्यांचा चेहराच उतरला. "हात थरथरतोय तुझा. आत्तापासूनच?"

तिने हात बाहेर काढले. दोन्ही हलत होते खरे. तिने ते टेबलावर पालथे ठेवले, आपणही नवलाने त्यांच्याकडे बघितलं. "हा भीतीचा आहे, अप्पा. जाईल. बोलताना नव्हता ना?"

"नव्हता," अप्पा म्हणाले.

"मग झालं."

आणि गेला. माझ्यासमोर गेला. आम्ही सगळे दोन हातांकडे असे बघत होतो, जणू त्यातून काही बाहेर येणार आहे, आणि ते हळूहळू निवांत झाले. अप्पांनी आपला हलणारा हात तिच्या एका हातावर ठेवला. त्यांचा हलतच राहिला, तिचा स्थिर. दादा तोंड फिरवून काचांच्या रांगेकडे बघायला लागला. मीही काहीतरी बघायला लागले, बहुतेक आरशातल्या मलाच.

दादा त्या दिवशी परत जाणार होता, पण संध्याकाळची बस घ्यावी की सकाळची, यात दोन्ही चुकल्या. सोमवारी दुपारी तो दुकानात पाय पसरून बसलेला असताना औषधवाला दार ढकलून आत आला. मला वाटलं, आता भांडण. मी जिन्यातच थबकले, भाजीची पिशवी घेऊन, रिकामी.

"गाळा घेतला," तो म्हणाला. "आता समोरची काच, कपाटांची दारं, आतल्या फळ्या, सगळं काचेचं लागणार. तुम्ही कराल का?" मग आवाज खाली आणून, जेवणानंतरची गोळी असल्यासारखा, "साधी घेऊ की दुधी? की पुढे साधी आणि आत दुधी? बायको म्हणते रंगीत. मला काही कळत नाही बघा, रात्रभर झोप नाही."

बघूताईने टेप काढला. "करते. पुढे साधी, औषधं दिसली पाहिजेत. फळ्या जाड काचेच्या. रंगीत नको, म्हाताऱ्या माणसांना बाटल्यांवरचं वाचता येत नाही. घरी तुमच्या बायकोला सांगा, मी म्हणाले." मग दादाकडे वळली, "चल, ऊठ. माप घ्यायचंय, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवंय."

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"टोक धरता येतं."

दादा उठला. वळणावर जाईपर्यंत मी गॅलरीतून बघत होते. ती पुढे, मोजमापाची पिशवी खांद्याला. हा मागे, बुटाची लेस सुटलेली. नव्या गाळ्याच्या तोंडाशी तिने टेपचं टोक त्याच्या हातात दिलं आणि हाताने वरची चौकट दाखवली. तो चौकटीला टोक लावून उभा राहिला, मग जरा डावीकडे सरकला, मग पुन्हा उजवीकडे, आणि तिच्याकडे बघून काहीतरी विचारलं. एवढ्या लांबून शब्द आले नाहीत. तिचं उत्तर मात्र माझ्या गॅलरीपर्यंत स्पष्ट आलं.

"तिथेच. हलू नकोस."